किरायाच्या खोलीचा पडदा कोणी लावायचा?

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात खोली किरायाने द्यायची झाली की मालक आणि किरायदार यांच्यात ठरावीक गोष्टी बोलल्या जातात. नळ किती दिवसांनी येतो, मीटर वेगळं की सामाईक, गाडी कुठे लावायची, डिपॉझिट किती, रात्री फाटक किती वाजता बंद होतं. खिडकीबद्दल कोणी बोलत नाही. खिडकी आहे, तिला गज आहेत, सरकती काच आहे, एवढ्यावर विषय संपतो. तिच्यावर काय लावायचं हा किरायदाराचा प्रश्न मानला जातो.

माझं मत वेगळं आहे. दाराला जशी कडी मालक लावून देतो, तसं खिडकीचं झाकणही मालकाने लावून द्यावं. ते किरायदाराचं सामान नव्हे, घराचा भाग आहे. आणि ते असं असावं की चार उन्हाळे टिकेल, बिघडलं तर गावातल्या गावात दुरुस्त होईल. आमच्या घरावरच्या दोन खोल्या आम्ही किरायाने देतो, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः तीन गावांत किरायाने राहिले आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

आपल्याकडे किरायाने कोण राहतं ते आधी पाहू. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतली पोरं, तहसील आणि पंचायत समितीतले कर्मचारी, दवाखान्यातल्या नर्सबाई, तांड्यांवरून आणि खेड्यांवरून शिकायला आलेली मुलं. यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं की आपण इथे दोन-तीन वर्षांचे पाहुणे. दुसऱ्याच्या खिडकीवर पैसे कोण घालणार? मग पहिल्या दिवशी काचेला वर्तमानपत्र चिकटतं. दुसऱ्या महिन्यात जुन्या साडीचा किंवा चादरीचा तुकडा दोन खिळ्यांवर टांगला जातो. तो वाऱ्याने उडतो म्हणून खिडकीच बंद केली जाते, आणि एकदा बंद झालेली खिडकी पावसाळा येईपर्यंत उघडत नाही.

ज्यांना खोली मिळवतानाच त्रास होतो, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. नाव सांगितल्यावर 'कालच दिली हो' असं उत्तर ऐकण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. एकट्या राहणाऱ्या बाईला, मग ती कुठल्याही धर्माची असो, तोच अनुभव येतो. चार दारं फिरून पाचव्या दारी 'हो' मिळालं की माणूस त्या घरात काही मागत नाही. पंखा हळू फिरतो हे सांगत नाही, तर पडदा कुठून मागणार? ज्याला पडद्याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच तो मागायला सगळ्यात जास्त कचरतो. म्हणून मी म्हणते की मागण्याची वेळच येऊ नये.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो. सिमेंटच्या स्लॅबखालची खोली दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडते. अशा खोलीत दिवसभर कोण असतं? नोकरीवाला पंख्याखाली किंवा एसीत बसलेला असतो. घरात असतात बाई, तान्हं मूल, म्हातारी सासू. लोकांची नजर नको म्हणून बंद ठेवलेली खिडकी त्यांच्या वाट्याला येते. पडद्याचा विषय सजावटीचा नाही तो यासाठी.

आता लावायचं काय? दुकानात गेलं की आधी रंग दाखवतात. रंग पाहण्याआधी खिडकीची दिशा पाहावी. मानोरा साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत भर उन्हाळ्यात ऊन फारसं शिरत नाही, वरचा छज्जाच ते अडवतो. खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. तीन वाजल्यानंतर सूर्य खाली उतरतो आणि किरणं छज्ज्याच्या खालून सरळ पलंगापर्यंत येतात. त्या वेळी भिंती आधीच तापलेल्या असतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी पश्चिमेच्या खिडकीवर घालावेत, मग पूर्वेच्या. उत्तर-दक्षिणेला साधा पडदा पुरतो.

दुसरी गोष्ट, ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. काचेतून ऊन आत येतं, आतल्या वस्तूंना तापवतं, आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी परत जात नाही. आतल्या बाजूला कितीही जाड पडदा लावा, तो स्वतः तापतो आणि खोलीतच उष्णता सोडतो. ऊन बाहेरच अडलं तर ही भानगड राहत नाही. आपल्या जुन्या घरांना हे कळत होतं. ओसरी होती, लाकडी झडपा होत्या, ओसरीच्या कडेला बांबूची चिक सोडलेली असायची. नंतर सरकत्या काचा आल्या आणि पडदा बाहेरून आत सरकला.

उर्दूत चिकेला चिलमन म्हणतात. शेरोशायरीत चिलमनच्या आड कोण उभं आहे याची चर्चा फार, पण तिची खरी कामगिरी तिच्या बारीक फटींत आहे. वारा आत येतो, ऊन अडतं, आणि आतल्या माणसाला रस्ता दिसतो पण रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. यात जादू नाही. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो, म्हणून नजर अंधाराकडून उजेडाकडे जाते, उलट जात नाही. मात्र संध्याकाळी आत दिवा लागला की हिशोब उलटतो. आता आतलं सगळं बाहेर दिसतं आणि आतल्या माणसाला ते कळतही नाही. जाळीदार पडद्याचंही हेच होतं. दिवसा खोली दाखवायला आलेल्या मालकाला सगळं झाकलेलं दिसतं आणि राहायला आलेल्या बाईला रात्री आठ वाजता त्याच खिडकीसमोरून उठावं लागतं.

म्हणून माझं साधं गणित असं. दिवसासाठी बाहेरून चिक, रात्रीसाठी आतून कापडी पडदा. एका वस्तूकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की एक तरी काम बिघडतं.

मग बाजारात मिळणाऱ्या ब्लाइंडचं काय? रोलर, झेब्रा, व्हर्टिकल, पट्ट्यांचे व्हेनेशियन. फोटोत सुंदर दिसतात, बँकेत आणि साहेबांच्या केबिनमध्ये शोभतातही. पण तिथे एसी असतो आणि खिडकी कायम बंद असते. ब्लाइंड ही मुख्यतः बंद खिडकीसाठी केलेली वस्तू आहे. आपल्या घरात वारा खिडकीतून येतो. व्हर्टिकल ब्लाइंडच्या पट्ट्या वाऱ्याने आपटतात, खालची प्लॅस्टिकची साखळी आधी तुटते आणि मग पट्ट्या वेड्यावाकड्या लोंबतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. रोलरचा कापडी भाग सहजी धुता येत नाही, आणि सोयाबीन-कापसाच्या हंगामात आपल्याकडे धूळ किती उडते हे सांगायला नको. यंत्रणेतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक गेलं तर ते मानोऱ्यात मिळत नाही. अकोल्या-अमरावतीहून मागवावं लागतं, आणि दोन वर्षांनी ते मॉडेलच बंद झालेलं असतं.

स्वस्त प्लॅस्टिकबद्दल थोडं जास्त सावध राहावं. अमेरिकेत 1996 साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बाहेरून आलेल्या स्वस्त व्हिनाइल ब्लाइंडची तपासणी केली, तेव्हा त्यांत शिसं आढळलं होतं. ऊन आणि उष्णतेने प्लॅस्टिक झिजत होतं, शिशाची धूळ पट्ट्यांवर जमत होती आणि लहान मुलांचे हात तिथून तोंडात जात होते. दुसरा धोका दोरीचा. ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीत किंवा साखळीच्या फासात मान अडकून लहान मुलं दगावली आहेत. म्हणूनच तिथे 2018 पासून दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना मुलांच्या हाताला लागेल अशी दोरी ठेवायची नाही, असं मानक आलं. आपल्या खोलीत पुढचा किरायदार कोण येईल, त्याच्या घरात रांगतं मूल असेल का, हे मालकाला माहीत नसतं. तेव्हा लोंबत्या दोरीची वस्तू लावूच नये, आणि चिकेची दोरी उंचावरच्या हुकाला गुंडाळून ठेवावी.

वाळ्याच्या ताटीचं नाव कोणी तरी काढेलच. कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळ्यातून येणाऱ्या वाऱ्यासारखं सुख नाही, हे मलाही मान्य आहे. पण ती सतत भिजवावी लागते, आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हाच आपल्याकडे रोजचा प्रश्न असतो. शिवाय ती लवकर कुजते. स्वतःच्या घरात हौसेने लावावी. किरायाच्या खोलीत तिची जबाबदारी दुसऱ्यावर टाकू नये.

चिक घेताना काड्या हातात घेऊन पाहाव्या. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा लागतो आणि बारीक पावडर खाली पडायला लागते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवलेला बांबू खूप जास्त टिकतो, म्हणून विकत घेताना हे विचारायला लाजू नये. विणीचा दोरा सुती असेल तर तो काड्यांच्या आधी सडतो, जाड नायलॉनचाही उन्हात कडक होऊन तुटतो. पॉलिस्टरचा दोरा उन्हाला जास्त दाद देत नाही. चिकेच्या कडांना कापडी पट्टी शिवलेली असावी. खालच्या टोकाला दोन बाजूंनी बांधायला नाड्या हव्यात, नाहीतर एप्रिलच्या वादळी वाऱ्यात ती भिंतीवर आपटून मोडते. पावसाळा लागला की काढून, वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवली तर ती अनेक उन्हाळे काढते.

आणि ती मोडली तर दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे आहे. सूप, टोपली, ताटवे विणणारे बुरूड अजून विदर्भातल्या बाजारांत दिसतात. प्लॅस्टिकच्या टोपल्यांनी त्यांचं काम हिसकावलं आहे. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, आणि शेतातला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण देणारं सरकारी केंद्र आहे. पण गिऱ्हाईक नसेल तर ह्या सगळ्याचा उपयोग काय? चिकेचे पैसे गावातल्या माणसाच्या घरात जातात, हाही तिचा एक गुण मी मोजते.

आतला पडदा शिंप्याकडून शिवून घ्यावा. तयार 'ब्लॅकआऊट' पडद्याच्या पाठीवरचं कोटिंग काही उन्हाळ्यांत तडकतं, सोलतं आणि धुतलं की आणखी जातं. त्यापेक्षा घट्ट विणीचं पॉलिस्टर मिसळलेलं कापड घ्यावं आणि त्याला पांढरं मांजरपाटाचं अस्तर लावावं. निव्वळ सुती कापड उन्हात लवकर विरतं. इथे ऊन अस्तरावर पडतं, आणि अस्तर स्वस्तात बदलता येतं. पांढरा रंग ऊन परतवतो. वरती प्लॅस्टिकच्या रिंगांऐवजी सरळ नेफा शिवावा, तो तुटत नाही. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद असावा, नाहीतर कडेच्या फटीतून सगळं दिसतं. कूलर खिडकीत बसवायचा असेल तर पडदा दोन पाखांचा करावा, म्हणजे कूलरच्या बाजूचं पाख सरकवून दुसरं लावलेलं ठेवता येतं.

मालकाने सगळ्यात जास्त लक्ष दांडीकडे द्यावं. किरायाच्या खोल्यांत दोन हुकांवर ताणलेली स्प्रिंगची तार असते. ती महिन्याभरात मध्ये झुकते. मग प्रत्येक नवा किरायदार नवा खिळा ठोकतो आणि चार किरायदारांनंतर चौकटीभोवतीचा गिलावा चाळणी होतो. त्याऐवजी स्टीलची दांडी, ड्रिलने भोक पाडून, प्लग बसवून, स्क्रूने पक्की करावी. खिडकी चार फुटांपेक्षा रुंद असेल तर मध्ये तिसरा आधार द्यावा. कापड बदलेल, दांडी तीच राहील. आमच्या दोन खोल्यांच्या खिडक्यांचं हे सगळं काम साधारण एका महिन्याच्या किरायात झालं.

कायदा काय म्हणतो? पडद्याचं नाव घेऊन काही म्हणत नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात दुरुस्तीची वाटणी केली आहे. दारं-खिडक्या रंगवणं मालकाकडे, फुटलेल्या काचा आणि माशांच्या जाळ्या बदलणं किरायदाराकडे. पडदा कोणाच्याच यादीत नाही. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये एक शहाणपणाची गोष्ट आहे. करारात वेगळं ठरलं नसेल तर किरायदाराने जागा घेतली तशी परत करायची, मात्र रोजच्या वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळायची. त्याच कलमानुसार त्याने स्वतः जागेत बसवलेल्या वस्तू, ताबा सोडण्याआधी, जागा पूर्ववत करून तो नेऊ शकतो. म्हणजे त्याने स्वतःच्या पैशाने दांडी लावली असेल तर ती त्याची. आणि मालकाचा पडदा उन्हाने विटला असेल तर ती झीज आहे, नुकसान नाही. डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापणं बरोबर नाही. विडीने भोक पडलं, पोराने कात्रीने कापलं, ते नुकसान. हा फरक करारात दोन ओळींत लिहावा, पडद्यांची संख्या लिहावी, मोबाइलवर फोटो काढून दोघांनी ठेवावा. पुढचं भांडण तिथेच मिटतं.

ओळखीचे घरमालक मला म्हणतात, 'मॅडम, किरायदार जपत नाहीत.' काही जपत नाहीत, खरं आहे. पण जी वस्तू आधीच लोंबते-फाटते ती कोणीच जपत नाही. नीट लावलेली वस्तू बहुतेक माणसं नीट वापरतात. दुसरे म्हणतात, प्रत्येकाची आवड वेगळी. दांडी पक्की असेल तर ज्याला आवड आहे तो आपला पडदा लावेल आणि तुमचा घडी करून ठेवेल. आवडीसाठी गरज अडवून ठेवायचं कारण नाही. तिसरे म्हणतात, किराया वाढवावा लागेल. एका महिन्याच्या किरायाइतका खर्च चार-पाच वर्षांवर वाटून पाहा, किती वाढवाल?

आपल्या मुस्लिम घरमालकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. पडदा हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि आपल्या घरांत त्याला दोन अर्थ आहेत. बाईच्या पडद्यावर आपण तासन् तास बोलतो, खिडकीच्या पडद्यावर बोलत नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय आणि सलामाशिवाय शिरू नये हे सांगितलं आहे, आणि नजर खाली ठेवण्याची आज्ञा तिथे आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. परवानगीचा हा नियम नजरेसाठीच आहे, असं हदीसमध्येही आलं आहे. किरायाने दिलेली खोली आपल्या मालकीची असली तरी आतलं घर त्या कुटुंबाचं आहे. तेव्हा रस्त्याकडच्या खिडकीइतकीच, कधी कधी जास्तच, आपल्या स्वतःच्या आंगणाकडे उघडणारी खिडकी झाकणं महत्त्वाचं. तिथे दिवसातून वीस वेळा फिरतो तो मालकच. आणि किरायदार कुठल्या धर्माचा आहे यावर हा हक्क अवलंबून नाही. बंजारा मुलगी नर्सिंग शिकते म्हणून राहायला आली असेल, तिलाही तो तितकाच आहे.

किरायदारांवरही काही जबाबदारी येते. चिक वादळाआधी गुंडाळावी, पडदा दोन-तीन महिन्यांनी धुवावा, काही तुटलं तर लपवू नये, लगेच सांगावं. मालकाने पहिलं पाऊल टाकलं की हे मागणं सोपं जातं.

शेवटी, खोली देणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. पुढचा किरायदार येण्याआधी त्या रिकाम्या खोलीत दुपारी चार वाजता अर्धा तास बसा. मग रात्री आठ वाजता आत दिवा लावून, बाहेर रस्त्यावर आणि आंगणात उभं राहून तिच्याकडे पाहा. कोणत्या खिडकीला काय हवं ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही. आणि हे फेब्रुवारीतच करा. एप्रिलमध्ये शिंप्याकडे लग्नसराईचे कपडे असतात, तो पडद्याला हात लावत नाही.